शूनेमकरिणीचें घर आणि आपल्या पाड्यांतील बंद दारें

शास्त्रपाठ : २ राजे ७:३-११ व ८:१-६. त्याबरोबर २ राजे ४:८-१३ आणि अनुवाद २२:१-३. २४:६, १०-१३ हे भागही घरीं वाचून यावे.

दिवाळी आटोपली, भात झोडून झालें, नागली-वरई खळ्यावरून घरांत आली, म्हणजे जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांतील पाडे हळूहळू रिते होऊं लागतात. प्रथम एखादें तरुण जोडपें जातें. मग मुकादमाचा ट्रक येतो, आणि त्यांत भांडींकुंडीं, गोधड्या, कोंबड्या व लेंकरें भरून कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी, वसई, वाडा, कल्याण या बाजूंस वीटभट्ट्यांवर आणि इमारतींच्या कामांवर निघून जातात. शिमग्याला कांहीं जण दोन दिवस तोंड दाखवून जातात. बाकीचे पाऊस तोंडावर आला म्हणजेच परततात. मधल्या पांच-सहा महिन्यांत पाड्यांत राहतें कोण? म्हातारीं माणसें, थोडे आजारी, शाळेसाठीं मागें ठेवलेलीं मुलें, आणि बंद दारें.

हें जाणें हौसेचें नाहीं, हें आपणांपैकीं कोणास सांगावयास नको. या डोंगरांत पाऊस कांहीं थोडा पडत नाहीं. परंतु उताराची जमीन पाणी धरीत नाहीं, आणि होळीच्या सुमारास विहिरी तळ दाखवितात. वैतरणेचें पाणी मुंबईच्या नळांत जातें, आणि त्याच नदीच्या खोऱ्यांतील बाया हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. एका पिकाचें धान्य वर्षाला पुरत नाहीं. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां साऱ्या महाराष्ट्राचे डोळे या भागाकडे वळले होते. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या, कांहींचा उपयोगही झाला. पण ट्रक यावयाचा थांबला नाहीं. तेव्हां आजच्या पाठांत आपण त्या बंद दारांच्या आड काय राहतें, आणि त्याविषयीं शास्त्र आपणांस काय सांगतें, तें पाहूं.

उपदेशकाचें काम करीत असतां अशा घरांच्या ओसरीवर मी पुष्कळदां बसलों आहें. कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप असतो; तो वर्षभर माणसाच्या हातानें सारवला जातो, आणि हात दूर गेला कीं पहिल्यानें तोच गळूं लागतो. मग कुडाला फटी पडतात आणि आंतलें दिसतें. कोपऱ्यांत जातें असतें. जवळ उखळ, पण मुसळ आडवें करून भिंतीशीं ठेवलेलें. कणगी पालथी घातलेली. आढ्याला इरलें अडकविलेलें. त्याच्या शेजारीं नांगर. शिंक्यावर, उंदरांची उडी पोहोंचणार नाहीं अशा बेतानें टांगलेला भोपळ्याचा तुंबा, आणि त्यांत पुढच्या सालचें बियाणें. एखाद्या घरीं तारपा. लग्न नुकतेंच झालेलें असेल तर भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढलेला चौक. एखाद्या मुलाची पाटी. आणि घर ख्रिस्ती असेल तर आढ्याखालीं फडक्यांत बांधून ठेवलेलें शास्त्र. तें बरोबर कां नेत नाहींत, असें मीं एकदां एका बाईस विचारलें. ती म्हणाली कीं भट्टीवर धूळ व ओल फार, पुस्तक खराब होतें. या उत्तरानें मला आधीं वाईट वाटलें. पण जी वस्तु ती सुरक्षित ठेवूं पाहत होती, तिची तिला किंमत नव्हती असें मला कसें म्हणतां येईल?

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. तवा, टोप, गोधडी, कोयता हें सर्व बरोबर जातें. मागें राहतें तें जड असतें म्हणून, किंवा परत आल्यावाचून त्याचा उपयोग नाहीं म्हणून. भट्टीवर नांगराचें काय काम? बियाणें पेरणार कोठें? यास्तव ज्या घरांत तुंबा टांगलेला आहे, तें घर कोणीं टाकून दिलेलें नाहीं, हें तो तुंबाच सांगत असतो. आपण मात्र सहज बोलून जातों, “त्यांनीं घर टाकलें.” पाड्याच्या बोलण्यांत हा एक शब्द आला म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टींना वाट मोकळी होते. आधीं कोणी शिडी नेतो, मग दाराची कडी जाते, मग वासा, मग कौलें.

हल्लीं शहराकडील तरुणांना ओसाड घरें व पडके वाडे शोधीत हिंडण्याची हौस लागली आहे. जव्हार हें उंचावरचें व थंड हवेचें ठिकाण असल्यामुळें तिकडून येणारे पाहुणे पावसाळ्यांत फार. ते राजवाडा पाहतात. जव्हार संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य गेलें, परंतु राजवाड्यांतील सामानाला अद्याप मालक आहे हें पाहुण्यास कोणी सांगावें लागत नाहीं. तोच पाहुणा वाटेवरच्या एखाद्या बंद झोपडीचें दार ढकलून आंत शिरतो, जात्यावर बसून आपलें छायाचित्र काढवितो, आणि जातांना एखादी टोपली ‘आठवण’ म्हणून उचलतो. त्याला चोरी केल्यासारखें वाटतही नाहीं. परंतु पाहुण्यास बोल लावून आपण मोकळे होऊं नये. तो वर्षांतून एकदां येतो, आपण तेथेंच राहतों.

आतां शास्त्राकडे वळूं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत सातवा व आठवा हे अध्याय लागूनच आहेत, आणि दोहोंतही धन्यावांचूनच्या जागेचें वर्णन आहे.

सातव्या अध्यायांत अरामी लोकांनीं शोमरोनास वेढा दिला आहे. नगरांत असा दुष्काळ कीं गाढवाचें मुंडकेंही सोन्यारुप्याच्या भावानें विकलें जात होतें. वेशीबाहेर चार कुष्ठरोगी बसले होते. त्यांना आंतही थारा नाहीं आणि बाहेरही नाहीं. मरावयाचें तर कोठेंही मरूं, असें म्हणून ते सायंकाळीं अराम्यांच्या छावणीकडे जातात, आणि पाहतात तों मनुष्य नाहीं. परमेश्वरानें अराम्यांना मोठ्या सैन्याचा आवाज ऐकविला होता, आणि ते डेरे, घोडे, गाढवें जेथल्या तेथें सोडून पळाले होते. पळतांना त्यांनीं टाकलेलीं वस्त्रें व भांडीं यार्देनेपर्यंतच्या वाटेवर पसरलेलीं मागाहून सांपडलीं. ते चौघे एका डेऱ्यांत शिरले, जेवले, सोनें-रुपें व वस्त्रें नेऊन लपविलीं. मग दुसऱ्या डेऱ्यांत शिरले व तेथूनही नेऊन लपविलीं. तिसऱ्या डेऱ्याचें नांव नाहीं. दुसऱ्या व तिसऱ्या डेऱ्याच्या मध्यें त्यांना वाटलें कीं आपण करतों हें बरें नव्हे. नगर उपाशी आहे आणि आपण गप्प बसलों आहों.

कोणी भाऊ येथें विचारील कीं त्यांना तर दोष लागला नाहीं. मग रिकाम्या जागेंतील वस्तु घेतली म्हणून आम्हांसच कां दोष? प्रश्न योग्य आहे, आणि तो दडपून टाकूं नये. उत्तर असें कीं तीं डेरीं वेढा घालून नगराला उपाशी मारणाऱ्या शत्रूचीं होतीं, आणि तो शत्रु तीं सोडून गेला होता. परत येण्याचा त्याचा विचार नव्हता. शिवाय खाल्लें याबद्दल त्या चौघांचें मन त्यांस खात नाहीं, भुकेल्यानें खाल्लें. लपविलें, याची त्यांना टोंचणी लागली. शत्रूच्या मालाविषयीं सुद्धां जर ते दुसऱ्या डेऱ्यापाशीं थबकले, तर भिवंडीला विटा थापीत असलेल्या आपल्याच मंडळीच्या भावाच्या घरापाशीं आपण कोठें थबकावें?

आठव्या अध्यायांत हाच प्रश्न उलट्या बाजूनें येतो. शूनेम गांवांत एक थोर बाई होती. चौथ्या अध्यायांत ती आपणांस भेटते. अलीशा संदेष्टा येई-जाई, म्हणून तिनें पतीस सांगून माळ्यावर त्याच्यासाठीं एक लहानशी खोली बांधविली, आणि तींत चार वस्तू ठेविल्या : पलंग, मेज, चौरंग आणि दीपवृक्ष. अलीशानें विचारलें, राजाकडे किंवा सेनापतीकडे तुझ्यासाठीं शब्द टाकूं काय? तिनें उत्तर दिलें तें नीट ध्यानांत ठेवा. ती म्हणाली कीं मी आपल्या लोकांमध्यें राहतें. म्हणजे मला राजाची गरज नाहीं, माझे शेजारी आहेत.

पुढें सात वर्षांचा दुष्काळ येणार, तेव्हां अलीशानें तिला सांगितलें कीं जेथें राहवेल तेथें जाऊन राहा. ती घरच्या माणसांसह पलिष्ट्यांच्या मुलखांत गेली. पलिष्टी कांहीं मित्र नव्हते. परंतु समुद्रकांठची ती जमीन सुपीक होती. जेथें अन्न तेथें जाणें हें पाप नव्हे, हें येथें स्पष्ट आहे. कारण तिला देवाच्या माणसानेंच पाठविलें. आपल्यांतील कांहीं उपदेशक भट्टीवर जाणाऱ्यांस विश्वासांत कच्चे म्हणून बोलतात. त्यांनीं हें वचन पुन्हां वाचावें. (रूथच्या पुस्तकांतील अलीमलेखाचें उदाहरण देऊन वाद घालणारेही भेटतात, परंतु तो मवाबांत मरण पावला एवढेंच शास्त्र सांगतें, जाण्यामुळें मरण पावला असें सांगत नाहीं.)

सात वर्षें झालीं. बाई परत आली, आणि थेट राजाकडे गाऱ्हाणें घेऊन गेली, कीं माझें घर व माझें शेत मला मिळावें. येथें मन थांबतें. जी म्हणाली होती कीं मला राजाची गरज नाहीं, मी आपल्या लोकांत राहतें, तीच राजाच्या दारीं उभी आहे. म्हणजे घर घेतलें कोणीं? पलिष्ट्यांनीं नाहीं, तें त्यांच्या मुलखांत नव्हतेंच. शास्त्र कोणाचें नांव घेत नाहीं. राजाच्या कामदारांनीं खालसा केलें असेल. परंतु तसें झालें असलें तरी तिच्या लोकांपैकीं कोणी मध्यें पडला नाहीं, हें उघड आहे. माळ्यावरच्या त्या खोलींतील चार वस्तूंचें काय झालें, तेंही लिहिलेलें नाहीं. कोणाच्या तरी घरीं त्या दीपवृक्षावर दिवा लागत असेल.

पुढचा प्रसंग आपणांस ठाऊक आहे. राजा त्याच वेळीं गेहजीकडून अलीशाचीं कृत्यें ऐकत होता, आणि मेलेल्या मुलाला जिवंत केल्याची गोष्ट चालली असतां तीच आई त्या मुलासह दारांत आली. राजानें चौकशी केली व एक अधिकारी तिच्याबरोबर दिला. हुकूम असा, कीं तिचें सर्व तिला परत मिळावें, आणि ती गेली त्या दिवसापासून आजपर्यंत शेताचें जें उत्पन्न झालें तेंही मिळावें. घर तेवढें परत दिलें म्हणजे हिशेब संपला असें राजानें मानिलें नाहीं. तो राजा फारसा चांगला नव्हता, हेंही लक्षांत असूं द्यावें.

मोशेच्या नियमशास्त्रांत या गोष्टीचीं मुळें आहेत. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं भावाचा बैल, मेंढरूं, वस्त्र, काय हरवलेलें दिसेल तें पाहून न पाहिल्यासारखें करूं नये. आणि भाऊ जवळ राहत नसेल तर तें आपल्या घरीं नेऊन तो शोधीत येईपर्यंत जपून ठेवावें. भाऊ दूर असणें ही तेथें सवलत नाहीं. दूर आहे म्हणूनच आपलें काम वाढतें. चोविसाव्या अध्यायांत जात्याचा नियम आहे. जातें किंवा त्याची वरची तळी सुद्धां गहाण घेऊं नये, कारण तें घेणें म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणें आहे. आतां पाड्यांजवळ पिठाच्या गिरण्या झाल्या, तरी घरांत मूठभर नागली असतां रात्रीं गिरणीवर कोण जातो? पुढें म्हटलें आहे कीं धनको ऋणकोच्या घरांत गहाण आणावयास शिरूं नये. त्यानें बाहेर उभें राहावें, आणि ऋणको स्वतः आणून देईल तें घ्यावें. मालक घरांत बसला असतां जर उंबरा ओलांडावयाचा नाहीं, तर मालक परगांवीं असतां तो ओलांडणारा कोणत्या न्यायानें ओलांडतो?

हें आपल्याकडे पुस्तकांतलें राहत नाहीं, कारण बहुतेक बंद घरांवर बयाण्याचा बोजा असतो. पावसाळ्यांत भात संपलें म्हणजे मुकादम आगाऊ रक्कम देतो आणि भट्टीवर ती अंगमेहनतीनें फेडावी लागते. कित्येकांची फेड हंगाम संपला तरी होत नाहीं. वेठबिगार पद्धति १९७६ च्या कायद्यानें बंद केलेली आहे, आणि वेठीच्या कर्जाची फेड करण्याचें बंधन त्या कायद्यानें नाहींसें केलें आहे. हें उपदेशकांनीं स्वतः समजून घेऊन लोकांस सांगितलें पाहिजे. तसेंच २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, पण विकतां किंवा दुसऱ्याच्या नांवें करून देतां येत नाहीं. आणि विवाहित असल्यास तो नवरा-बायको दोघांच्या नांवें असतो. तेव्हां “जातांना त्यानें मला जमीन देऊन टाकली” असें कोणी सांगूं लागला तर मंडळीच्या वडिलांनीं मान डोलावूं नये. शिधापत्रिकेवरचें धान्य आतां दुसऱ्या गांवच्या दुकानांतही घेतां येतें; हें ट्रक येण्यापूर्वीं सांगितलें तर उपयोग, नंतर सांगून काय होणार?

वर्ग घेणाऱ्या बांधवांनीं पाठ वाचून झाल्यावर विचारावें : आपल्या पाड्यांत आज किती दारें बंद आहेत? त्यांच्या किल्ल्या कोणापाशीं आहेत? मागें राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरीं चूल पेटते कीं नाहीं, हें कोण पाहतें? आपल्या घरांत दुसऱ्याच्या घरची एखादी वस्तु आहे काय? शेवटल्या प्रश्नानंतर घाई करूं नये, लोकांस विचार करूं द्यावा.

हा प्रश्न मी इतरांस विचारतों, तेव्हां माझें उत्तर आधीं देणें मला प्राप्त आहे. गांवाचें नांव सांगत नाहीं. आमच्या प्रार्थनामंदिराचें छप्पर मागच्या बाजूनें गळत होतें आणि मे महिना संपत आला होता. मंडळींतील एक कुटुंब दोन वर्षें परतलें नव्हतें, शिमग्यालाही नाहीं. वडिलांच्या सभेंत कोणी म्हणालें, ते आतां कसले येतात, त्यांनीं घर टाकलें; त्यांचीं मंगलोरी कौलें ऊन खात पडलीं आहेत. मीं नाहीं म्हटलें नाहीं. देवाच्या घरासाठींच तर घ्यावयाचीं, असा विचार मनांत आला, आणि तो मला त्या वेळीं चांगला वाटला. आम्हीं त्या घराच्या मागच्या पाखाडीचीं ६० कौलें उतरविलीं. काम सुरू करण्यापूर्वीं मीं प्रार्थनाही केली.

पहिला पाऊस झाला आणि चौथ्या दिवशीं तें कुटुंब आलें : नवरा, बायको, दोन मुलें. बयाणा फिटला नाहीं म्हणून दोन हंगाम त्यांना सोडलें नव्हतें. घराचा मागचा कूड विरघळून खालीं आला होता. शिंकें तुटून तुंबा चिखलांत पडला होता, आणि त्यांतील नागलीला मोड येऊन ती कुजली होती. रविवारीं ती बाई भक्तीला आली, नेहमींच्या जागीं बसली, गीतें गाइली. उपासना संपल्यावर दारापाशीं थांबून वर पाहून म्हणाली, “मास्तर, कौलं बरी बसलीत.” आणखी कांहीं बोलली नाहीं.

त्याच सायंकाळीं मीं वडिलांस बोलावून २ राजे आठव्या अध्यायाचें सहावें वचन वाचलें. दुसऱ्या दिवशीं कौलें उतरविलीं. ६० नेलीं होतीं, ५२ धड निघालीं. ८ जव्हारच्या बाजारांतून आणलीं. कूड उभा करावयास चार दिवस लागले, आणि बायांनीं तो आंतून-बाहेरून सारवून दिला. शेताच्या उत्पन्नाचा हिशेब कसा करावा हें आम्हांस कळेना. शेवटीं प्रत्येक घरानें आपल्या तुंब्यांतली नागली काढून दिली. ती पेरणीपुरती झाली. परंतु तिचें स्वतःचें बियाणें तिच्या सासूनें राखून ठेवलेलें, आंखूड कणसाचें व लवकर येणारें होतें. तें आम्हांपैकीं कोणापाशींच नव्हतें, आणि तें आम्हांला परत करतां आलें नाहीं. त्या पावसाळ्यांत प्रार्थनामंदिराच्या मागच्या बाजूस प्लास्टिकचा कागद बांधलेला होता. जोराची सर आली म्हणजे तिकडचीं माणसें गीत न थांबवितां उठून पुढें येऊन बसत.